विजेत्याच्या नावाची जागा

दुकान एकच, पण त्यात दोन धंदे. डावीकडे तो बसतो: नावाच्या पाट्या, स्मृतिफलक, बक्षिसाच्या ढाली, सगळं हाताने कोरून मिळेल. उजवीकडे त्याची बायको बसते: कपडे आवळून, सैल करून मिळतील, झिप बदलून मिळेल. मधे भिंत नाही, पडदा नाही. एक टेबल आहे आणि त्यावर दोघांत मिळून एक थर्मास. गिऱ्हाईक चुकून भलत्या बाजूला गेलं तर तिकडेच अडकतं, कारण दोघांकडेही ऐकवण्यासारखं काहीतरी असतंच.

एकतीस वर्षांत त्याने हजारो विजेत्यांची नावं कोरली. बुद्धिबळातले, पोहण्यातले, पोत्याच्या शर्यतीतले, ‘उत्कृष्ट शाखाधिकारी’ आणि ‘उत्कृष्ट शाखाधिकारी (विभागून)’. स्वतः तो आयुष्यात काही म्हणजे काही जिंकला नव्हता. त्याचं नाव कशावरही नव्हतं. दुकानाच्या पाटीवरही नव्हतं. तिथे ‘पाट्या’ एवढंच होतं, आणि तेही त्याने पहिल्या वर्षी घाईत तैलरंगाने रंगवलेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

घाई त्याने त्यानंतर सोडली. त्याला कारण घडलं. एका निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांची ढाल त्याने सकाळी घेतली आणि दुपारी दिली. आदल्या दिवशी एकापाठोपाठ चार स्मृतिफलक केले होते, हाताला वळण लागलं होतं. मुख्याध्यापकांच्या नावाआधी ‘कै.’ पडलं. मुख्याध्यापकांनी भर सभेत ढाल स्वीकारली, चष्मा लावून वाचली, आणि ती पालथी मांडीवर घेऊन खाली बसले. तेव्हापासून त्याचा नेम झाला: कुठलाही मजकूर आला की कागदावर लिहायचा, गल्ल्याच्या काचेखाली एक रात्र ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी वाचून मगच कोरणी उचलायची. गिऱ्हाइकाने कितीही नाक मुरडलं तरी मजकूर मुरल्याशिवाय पितळेला हात लागत नसे.

रोम त्याच्या आयुष्यात आलं ते अक्षरांच्या वाटेने. एका गिऱ्हाइकाने पाटीचा नमुना म्हणून एका रोमन शिलालेखाचा फोटो आणला. गिऱ्हाईक गेलं, फोटो राहिला. दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी छिन्नी धरून दोन अक्षरांच्या मधे इतकी नेमकी जागा सोडली होती की तो अर्धा तास बघतच बसला. मग तो इंटरनेटवर शोधत शोधत ‘सात टेकड्या’ नावाच्या समूहात पोचला. प्राचीन रोमच्या इतिहासाचे हे दोनेकशे भक्त जगात कुठे कुठे बसून एकमेकांशी मराठीत भांडत असत. एकानेही दुसऱ्याला पाहिलेलं नव्हतं. सभासद होताना टोपणनाव द्यावं लागतं, त्याने ‘छिन्नी’ दिलं.

अकरा वर्षं तो तिथे होता. बाकीचे सम्राट आणि सैन्यं यांवर लिहीत. तो फक्त फोटोतल्या अक्षरांवर लिही. ‘तिसऱ्या ओळीत कोरणाऱ्याचा हात घसरला आहे.’ ‘शेवटी जागा पुरली नाही, म्हणून अक्षरं दाटली आहेत.’ त्याला कोणी सहसा उत्तर देत नसे. ‘सेनापती’ म्हणून एक गृहस्थ होते, पोटासाठी विमा विकणारे आणि रोमची प्रत्येक लढाई स्वतः लढल्यासारखं बोलणारे. ते मात्र एकदा म्हणाले होते, ‘इथे साम्राज्य कोसळतंय आणि छिन्नींना अक्षराची पडलीये!’ त्यावर चाळीस जण हसले होते.

समूहाचे कर्तेधर्ते म्हणजे सर. इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. समूह त्यांनीच काढला, नियम त्यांचे, शेवटचा शब्दही त्यांचाच. सर सहजासहजी कोणाला चांगलं म्हणत नसत. छिन्नीला त्यांनी अकरा वर्षांत एकदाच म्हटलं होतं. सहा वर्षांपूर्वी सरांनी कुठल्याशा धनाढ्य रोमन माणसाच्या थडग्याचा फोटो टाकला, आणि सगळे त्या धनाढ्याच्या संपत्तीवर तुटून पडले. छिन्नीने लिहिलं, ‘कोरणाऱ्याचा हात फार चांगला होता, पण त्याचं नाव कुठेच नाही. अक्षर एकाचं, नाव दुसऱ्याचं.’ त्याखाली सरांनी लिहिलं, ‘छान.’

‘छान.’ पूर्णविरामासकट. त्याने तो दिवस लक्षात ठेवला. बायकोनेही ठेवला, कारण तिला ती गोष्ट महिनाभर ऐकावी लागली.

तर या सरांनी यंदा रोममधल्या कारागिरांवर पुस्तक लिहिलं आणि समूहात स्पर्धा जाहीर केली: पुस्तकाचं शीर्षक ओळखा. प्रत्येकाला एकच संधी, मुदत रविवारी दुपारी बारापर्यंत. विजेत्याला प्रकाशन समारंभात व्यासपीठावर बोलावून पुस्तकाची पहिली प्रत आणि त्याचं खरं नाव कोरलेली ढाल.

उत्तरं धडाधड येऊ लागली. सेनापतींनी ‘तलवारीचं तेज : भाग पहिला’ असं सुचवलं, पुस्तक कारागिरांवर आहे हे त्यांच्या कोणी लक्षात आणून दिल्यावर ते म्हणाले की तलवारी काय झाडाला लागतात का. कोणी ‘रोम : एक अभ्यास’ लिहिलं. कोणी ‘रोम : एक पुनरभ्यास’.

छिन्नीने बुधवारी सकाळभर सगळ्यांची उत्तरं वाचली. दुपारी त्याने कागद ओढला आणि एक ओळ लिहिली.

“ऐक,” तो बायकोला म्हणाला. “अक्षर एकाचं, नाव दुसऱ्याचं.”

“हे तुमचंच ना? ते छानवालं?”

“माझंच. पण पुस्तक कारागिरांवर आहे. आणि सरांना ते आवडलं होतं. माझं मन सांगतंय, त्यांनी हेच ठेवलं असणार.”

“मग टाका की पाठवून. रविवारची वाट कशाला बघताय?”

“एकच संधी आहे. मुरू दे.”

“अहो, ती पाटी नाहीये!”

पण तो कागद काचेखाली गेला. त्या दिवशी त्याने दोन पाट्या पूर्ण केल्या आणि तिसरी करताना शीळ घातली. त्याला ती ढाल हवी होती. लहान मुलाला हवी असते तितकी हवी होती, आणि वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी असं काही हवंसं वाटण्याची त्याला थोडी लाजही वाटत होती.

गुरुवारी सकाळी, कागद काचेखालून काढायच्या आतच, दुकानात एक बाई आली. ऑफिसला जायच्या घाईत होती. तिने पिशवीतून लाकडी ढाल काढली, तिच्यावर कोरी पितळी पट्टी बसवलेली होती. सोबत मजकुराची चिठ्ठी होती.

“काका, बाबांची आहे. एवढा मजकूर कोरायचा आणि विजेत्याच्या नावाला खाली जागा सोडायची. नाव मी रविवारनंतर सांगते.”

त्याने चिठ्ठी वाचली. ‘सात टेकड्या समूह. शीर्षक ओळखा स्पर्धा. पुस्तक : अक्षर एकाचं, नाव दुसऱ्याचं. विजेता :’

सर याच शहरात राहतात हे त्याला ठाऊक होतं. शहरात कोरणारे चार जण होते आणि त्यातलं हेच दुकान सरांच्या मुलीच्या ऑफिसच्या वाटेवर होतं. बस्स, इतकंच झालं होतं.

“काका, समजलं ना?”

“समजलं,” तो म्हणाला. “नावाला किती जागा सोडू?”

“एका नावापुरती. चार बोटं.”

ती गेली. पहिल्या क्षणी त्याला नुसता आनंद झाला. त्याने बरोबर ओळखलं होतं! दुसऱ्या क्षणी त्याला कळलं की आता ते सांगायची सोय राहिली नाही. त्याने चिठ्ठी टेबलावरून उजवीकडे सरकवली.

बायकोने शिलाई यंत्र थांबवलं. तिने चिठ्ठी वाचली, काचेखालचा कागद वाचला आणि कमरेवर हात ठेवले.

“मग अडलंय कुठे? तुम्ही काल लिहिलंत. मी साक्षीला आहे.”

“बायकोची साक्ष कोण धरतं?”

“मग कोणाला सांगूच नका. काल लिहिलेलं आज पाठवायचं. त्यात खोटं काय आहे?”

“खोटं काही नाही,” तो म्हणाला. “पण आता पाठवलं तर ते ओळखणं नाही, उतरवून काढणं आहे. उद्या व्यासपीठावर सरांच्या मुलीने मला ओळखलं तर? ती म्हणेल, अगोबाई, हे तर पाटीवाले काका. मग?”

बायकोला जास्तच राग आला. “काल दुपारीच पाठवलं असतंत तर! मुरवा अजून. लोणचं घाला त्याचं.”

त्याने दुपारपर्यंत विचार केला. मग सरांना खाजगी निरोप लिहिला. ‘सर, आपल्या कन्येने ढाल माझ्याच दुकानात दिली आहे. मजकूर वाचावा लागला. तेव्हा मी स्पर्धेत नाही. छिन्नी.’

“आणि आधी ओळखलं होतं ते?” बायको त्याच्या खांद्यावरून वाचत होती.

“ते लिहिलं की झाली तक्रार.”

“आणि वाक्यच मुळात तुमचं आहे ते?”

“ते त्यांना माहीतच असणार.”

सरांचं उत्तर तासाभरात आलं. ‘आपला प्रामाणिकपणा वाखाणण्याजोगा आहे. तसंही हे शीर्षक आपल्याला सुचण्यासारखं नव्हतं. मला स्वतःला ते सुचायला चार वर्षं लागली. तेव्हा आपलं नुकसान काही झालं नाही असं समजावं.’

त्याने ते दोनदा वाचलं. मग फोन टेबलावर पालथा ठेवला आणि एका डॉक्टरांच्या पाटीला पॉलिश करायला घेतलं. ती पाटी सकाळीच पॉलिश झालेली होती. बायकोने उत्तर वाचलं आणि सरांच्या सात पिढ्यांबद्दल जे काही म्हटलं ते पितळेवर काय, कशावरच कोरण्यासारखं नाही.

“विसरले असतील,” तो म्हणाला.

“विसरले! चोर तो चोर, वर शिरजोर!”

“चोर नाहीत ते. विसरले असतील.”

पण त्याला लागलं होतं. ढाल गेली त्यापेक्षा ‘आपल्याला सुचण्यासारखं नव्हतं’ हे जास्त लागलं होतं. शुक्रवारी त्याने पट्टीवर तोच मजकूर कोरला, स्वतःचीच ओळ, आणि सवयीप्रमाणे चांगलाच कोरला. खाली चार बोटं जागा सोडली.

शनिवारी सरांनी समूहाला कळवलं की छिन्नी यांना ढालीच्या कामामुळे शीर्षक समजलं असून त्यांनी माघार घेतली आहे. सेनापतींनी लगेच लिहिलं, ‘रणांगण सोडले!’ त्यावर चाळीस जण हसले. बहुधा तेच चाळीस.

रविवारी बाराला तीन मिनिटं कमी असताना ‘रात्रपाळी’ नावाच्या सभासदाचं उत्तर आलं. हे नाव समूहाच्या यादीत नऊ वर्षं होतं, पण त्याखाली कधी एक अक्षर उमटलं नव्हतं. उत्तर होतं, ‘अक्षर एकाचं, नाव दुसऱ्याचं.’

सरांनी निकाल जाहीर केला. अभिनंदनाच्या चार ओळी आल्या असतील नसतील तोच सेनापती उठले. ‘नऊ वर्षं मुकं असलेलं माणूस अचानक अक्षरन् अक्षर बरोबर बोलतं! शीर्षक सरांच्या घराबाहेर फक्त एकाच माणसाला माहीत होतं. मी कोणाचं नाव घेत नाही. पण ढाल कोणाच्या दुकानात आहे हे सर्वांना ठाऊक आहे. चौकशी व्हावी.’

नाव न घेता नाव घ्यायची ही रीत जुनीच आहे. अर्ध्या तासात तीन जणांनी ‘चौकशी व्हावी’ म्हटलं, एकाने ‘छिन्नी गप्प का?’ असं विचारलं. छिन्नी एकेक ओळ लिहीत होता आणि पाठवण्याआधीच पुसत होता. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि वर चोरीचा आळ आला. एकतीस वर्षांत कोणाची चिठ्ठी त्याने कोणाला दाखवली नव्हती. घटस्फोट व्हायच्या आधी नव्या पाट्या करायला आलेली माणसं त्याने पाहिली होती, त्यांच्या बायकांनाही तो पाटीबद्दल बोलला नव्हता.

“मी लिहिते,” बायको म्हणाली. “द्या इकडे. मी लिहिते काय लिहायचं ते.”

“नको. तू लिहिलंस तर समूह बंद पडेल.”

लिहिलं ते रात्रपाळीने. तिच्या आयुष्यातली ही दुसरी नोंद होती आणि ती चांगली लांब होती. ‘मी परिचारिका आहे. कामावरून आले की इथे वाचते, लिहायला काही नसतं म्हणून लिहीत नाही. छिन्नी यांना मी ओळखत नाही. सहा वर्षांपूर्वी सरांनी एका थडग्याचा फोटो टाकला होता, त्याखाली छिन्नी यांनी हे वाक्य लिहिलं. मला ते इतकं पटलं की मी ते कागदावर लिहून आमच्या वॉर्डातल्या कपाटाला आतून चिकटवलं. औषधं आम्ही देतो, कागदावर सही डॉक्टरांची असते, म्हणून. सरांनी त्याला ‘छान’ म्हटलं होतं. पुस्तक कारागिरांवर आहे म्हटल्यावर मला वाटलं, हेच असणार. जुनी नोंद कोणालाही पाहता येईल.’ आणि खाली त्या नोंदीची तारीख.

‘चौकशी व्हावी’ तिथेच थांबलं. दोनशे माणसं जुनी नोंद उघडून वाचत होती. सोमवार तसाच गेला. सर दोन दिवस गप्प राहिले. समूह सुरू झाल्यापासून हे कधी झालं नव्हतं. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या दिवशीही त्यांनी दोघांच्या चुका काढल्या होत्या.

मंगळवारी दुपारी सरांनी लिहिलं. ‘नोंद पाहिली. वाक्य छिन्नी यांचं आहे. सहा वर्षांपूर्वी मी ते माझ्या वहीत उतरवून घेतलं आणि खाली त्यांचं नाव लिहायचं राहून गेलं. चार वर्षांनी वही उघडली तेव्हा अक्षर माझं दिसलं, म्हणून वाक्यही माझंच आहे असं मी धरून चाललो. जन्मभर विद्यार्थ्यांना सांगत आलो की उताऱ्याखाली मूळ माणसाचं नाव लिहा. छिन्नी यांना मी खाजगीत एक फार वाईट वाक्य लिहिलं होतं. ते मागे घेतो. त्यांची माफी मागतो.’

खाली सेनापतींनी लिहिलं, ‘मी केवळ प्रक्रियेबद्दल बोललो होतो.’ या वेळी कोणी हसलं नाही.

“वाचलंत?” बायकोने विचारलं.

“वाचलं.”

“मग?”

“काही नाही. मनमोकळं लिहिलंय.” त्याने फोन टेबलावर सुलटा ठेवला. “मला फार बरं वाटलं गं.”

बुधवारी दुपारी सरांची मुलगी आली. आज घाईत नव्हती, उलट दारात जरा घुटमळली. समारंभ दुसऱ्या दिवशी सकाळी होता.

“काका, पुस्तक छापून झालंय. बाबा म्हणतात, दुसऱ्या आवृत्तीत पहिल्याच पानावर तुमचं नाव घालतील.”

“दुसऱ्या!” उजव्या बाजूने आवाज आला. “आधी पहिली खपू दे.”

मुलगी हसली, आणि तिला हसताना पाहून बायकोचाही पारा थोडा उतरला. थर्मासमधला चहा तिघांत वाटला गेला.

“अजून एक आहे,” मुलगी म्हणाली. “त्या परिचारिका बाई ढाल एकटीच्या नावावर घ्यायला तयार नाहीत. म्हणतात, दोन्ही नावं असतील तर येते, नाहीतर आहे तिथे बरी आहे.”

त्याने ढाल समोर घेतली. चार बोटं जागा. एका नावाची, त्याने स्वतः मोजून सोडलेली. नवी पट्टी करायची तर दोन दिवस हवे होते.

“बाईंचं पूर्ण नाव?”

मुलीने चिठ्ठी दिली. नाव लांबलचक होतं. तेवढ्यानेच चार बोटं जवळजवळ भरत होती.

“आणि तुमचं?” मुलीने पेन उघडलं. “बाबांनाही माहीत नाही. आम्ही सगळे छिन्नीच म्हणतो.”

त्याने नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट सांगितलं, आणि तिने लिहिलेलं एकदा तपासून घेतलं.

मजकूर मुरायला ठेवण्याइतका वेळ नव्हता. त्याने बाईंचं नाव आधी कोरलं, ठरल्या मापाचं, नेहमीच्या खोलीचं. मग खाली उरलेल्या पितळेवर मोजपट्टी ठेवून बघितली. तिथे करंगळीच्या नखाएवढी उंची होती. एवढ्या बारीक अक्षरात त्याने कधी कोणाचं नाव कोरलं नव्हतं. गिऱ्हाईक घेतलंच नसतं. शिवाय हजारो नावांची रुंदी त्याला नुसत्या नजरेने कळे, पण हे नाव किती जागा खातं याचा त्याला काही अंदाज नव्हता. त्याने ते तीन वेळा कागदावर लिहिलं, तीन वेळा मोजलं, आणि भिंग लावून बसला.

सव्वा तास लागला. पितळेचा कीस फुंकून त्याने ढाल टेबलावर सरकवली. “बघ गं, वाचता येतंय का.”

बायको हातातली झिप अर्धवट टाकून उठली. तिने चष्मा पुसला, ढाल खिडकीशी नेली, भिंग धरलं आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. समूहाचं नाव वाचलं, पुस्तकाचं वाचलं, बाईंचं वाचलं. मग अडखळत, एकेक अक्षर लावत, तिने सगळ्यात खालचं वाचलं: त्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, आडनाव.

एकतीस वर्षं तिने त्याला ‘अहो’ म्हटलं होतं. रागात अहो, लाडात अहो, ताप चढला तेव्हाही अहो. आपलं नाव तिच्या आवाजात कसं लागतं हे त्याला माहीतच नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“येतंय वाचता,” ती म्हणाली.

“पुन्हा वाच,” तो म्हणाला.